शेवटचा कप्पा

जळगावात जुन्या बसस्टँडमागे कुंदनचं राऊटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि बंद पडलेला डबा हातात घेतला की त्याची एक शिकवणी ठरलेली असे. आतल्या नखाएवढ्या चिपमधली मेमरी शेतासारखी बांध घालून वाटलेली असते; पहिल्या कप्प्यात डबा जागा करणारा प्रोग्राम, मग मोठ्या कप्प्यात सगळा कारभार, मग सेटिंग, आणि अगदी शेवटी एक चिंचोळी पट्टी, जिच्यात कारखान्याने त्या डब्याचा स्वतःचा नंबर एकदाच लिहिलेला असतो. त्या नंबरावरूनच नेटवर्क डब्याला ओळखतं, आणि एकच नंबर दोन डब्यांत असला की गोंधळतं. ती पट्टी आधी बाजूला उतरवून घ्या, मगच चिपला हात लावा, असं तो येईल त्याला सांगायचा. सांगणाऱ्याच्या हातून चूक होत नाही असं थोडंच आहे?

धरणगावचे सुकदेव आबा राऊटर घेऊन आले तेव्हा दुकानात गर्दी होती. घरी आबा आणि प्रमिलाबाई दोघंच. मुलगा नाही, एकुलती एक लेक सुरतेला दिलेली, तिचा रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. आबांना साडेबाराची बस गाठायची होती. घाईघाईत कुंदनने चिप वरपासून खालपर्यंत पुसली आणि मग त्याला आठवलं की शेवटचा कप्पा उतरवूनच घेतला नव्हता.

चूक कबूल करायची लाज वाटली. लॅपटॉपमध्ये त्याच्या स्वतःच्या घरच्या राऊटरची पट्टी जपून ठेवलेली होती, तीच त्याने आबांच्या डब्यात ओतली. निदान नंबर तरी बदलायचा, पण कुठे धरणगाव आणि कुठे पिंप्राळ्यातलं आपलं घर, असं म्हणून त्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. डबा सुरू झाला, आबा खूश होऊन गेले.

तिसऱ्या दिवशी कामिनीने त्याच्या ताटात लसणाची चटणी वाढली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि कुंदनने जन्मात लसूण खाल्लेला नव्हता. त्याने चटणी बोटाने ताटाच्या कडेला सारली.

"चालत नाही का तुम्हाला?" तिने विचारलं, आणि मग स्वतःच ओशाळून हसली.

पुढच्या आठवड्यात सहा वर्षांची दिपमाला दप्तर त्याच्या हाती देताना "काका" म्हणाली. लगेच जीभ चावून "पप्पा" म्हणाली खरी, पण त्याआधी क्षणभर ती त्याचा चेहरा निरखत होती. कामिनी आता त्याच्यापुढे पदर सावरून बसू लागली होती. बोलायची गोड, पण त्याचं नाव घ्यायची वेळ आली की अडखळायची. आपलं घर आपल्या हातून निसटत चाललंय, हे त्याला कळत होतं आणि सांगायचं कुणाला हे कळत नव्हतं.

गुरुवारी दुपारी आबांचा फोन आला. "आज येस ना रे? तुनी माय वाट देखी राह्यनी."

दोन्ही घरांत आपलाच नंबर बसलाय, हे आता कुंदनच्या ध्यानात आलं. त्याने लॅपटॉप पिशवीत टाकला, दुकानाचं शटर ओढलं आणि मोटारसायकल धरणगावच्या रस्त्याला लावली.

प्रमिलाबाईंना त्याने उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्या दारातच म्हणाल्या, "हातपाय धोयी ले. तुनी भाकर झाकी ठेयेल शे. लसूननी चटनी नई वाढी, तुले चालस नई ना."

तो मोरीत गेला, तोंड धुतलं आणि न बघता दारामागे हात घातला. टॉवेल तिथेच होता. टॉवेल तिथे असतो हे आपल्याला कसं ठाऊक? तो इतका घाबरला की भाकरीकडे न बघता ओट्यावर राऊटर उघडून बसला, लॅपटॉपच्या तारेचा चिमटा चिपला लावला आणि शेवटच्या कप्प्यातून आपला नंबर पुसून टाकला. त्या जागी मनाने रचलेला एक नवाच नंबर लिहिला. तो कुणाचाच नसेल याची त्याने दोनदा खात्री करून घेतली. डबा पुन्हा सुरू झाला, हिरवा दिवा लागला.

प्रमिलाबाई उंबऱ्यात येऊन थबकल्या. "कोन शेतस भाऊ तुम्ही? पानी देऊ का?"

कुंदनच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढं परकेपण त्याला आयुष्यात कधी गोड लागलं नव्हतं. परतीच्या वाटेवर त्याने दिपमालासाठी जिलेबी घेतली आणि ऊन उतरायच्या आत घर गाठलं.

दार कामिनीने उघडलं. ती हसली, बाजूला झाली, आणि खुर्चीवरचे कपडे उचलत म्हणाली, "या ना, बसा. ते येतीलच इतक्यात."

तिने ट्रेमधून पाणी आणलं. कुंदन खुर्चीच्या कडेवर टेकला. जिलेबीचा पुडा मांडीवर गरम लागत होता. आपलं नाव सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि त्याला ते पटकन आठवेना; आठवला तो धरणगावच्या ओट्यावर रचलेला, कुणाचाच नसलेला नंबर.

बाहेर मोटारसायकल थांबली, फाटक वाजलं. "पप्पा आले!" म्हणत दिपमाला आतल्या खोलीतून धावत आली, आणि कुंदनने पाय आवरून घेऊन तिला दाराकडे वाट करून दिली.