हत्तीगवत आणि सातेरी

आमच्या दोडामार्गात हत्तीचं नाव हसत हसत घेणाऱ्या माणसावर माझा भरवसा नाही. गेल्या साली रानातून उतरून त्यांनी माझ्या चाळीस केळी आडव्या केल्या. आणि हा कंपनीचा माणूस माझ्याच ओसरीवर चहा पीत सांगतो, "गंगारामकाका, तुमच्या भरडावर हत्तीगवत लावू, त्याचा गॅस करू!"

हत्ती चरायला येणार काय, असं मी विचारलं. तो हसला. पुतण्या धनेश तर डोळे पुसून हसला. गवत हत्तीएवढं वाढतं म्हणून ते नाव, म्हणे. जमीन सामायिक, माझ्या सहीशिवाय अडतं, म्हणून तर दोन वर्षांनी धनेशला काकाची ओसरी आठवली. फजिती झाली ती झाली, पण माझा संशय काही गेला नाही.

मग तिघं भरडावर, त्या वरकस माळावर गेलो. नाचणी कापून झालेली, कुर्डू आणि रानतुळस फुललेली. कंपनीवाल्याच्या कागदावर मात्र 'पडीक'. हे तण राहायचं नाही, तो म्हणाला. गवत फुलायच्या आतच कापायचं, वर्षाला पाच-सहा वेळा, आत पाखरूसुद्धा शिरत नाही. पाखरू शिरत नाही हा गुण म्हणून सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. खाली माझी काजूची बाग, आणि मोहोराला फळ धरवणाऱ्या मधमाशा उतरतात त्या इथूनच.

कडेच्या जुन्या वारुळाकडे बोट करून मी म्हणालो, "हंय सातेरी आसा."

त्याचा चेहरा उतरला. इकडे वारूळ म्हणजे सातेरी देवी, गावाची आई, एवढं त्याला कोणीतरी सांगितलं असणार. त्याने घाईने बूट काढून हात जोडले. पण वारुळात, ढोलीत राहणाऱ्या मधमाशीलाही आम्ही सातेरीच म्हणतो, आणि धनेशला ते ठाऊक. आता हा बोलणार नि माझी दुसरी फजिती होणार, या भीतीने मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

"देवीला चौथरा बांधून देऊ," कंपनीवाला म्हणाला.

"चौथरो नको. तिका फुलां व्हयीत."

"फुलं रोज वाहू की."

"सगळ्या भरडाची?"

तो गोंधळून धनेशकडे बघू लागला. धनेश वारुळाकडे बघत होता. भोकातून माशा ये-जा करत होत्या, पायांना पिवळा पराग. लहानपणी इथलाच मध त्याने बोटाने चाटला होता.

या वेळी तो हसला नाही. "काका सांगतत ता खरा," म्हणाला, "सातेरी आसा." आणि त्याने सहीसाठी काढलेल्या पेनाला टोपण लावलं.