मुकुलच्या नावावर

“ताई, तुमचं नाव नव्या यादीत नाहीच,” असं म्हणत दिपालीने लॅपटॉप महामायेकडे वळवला.

महामायेला हसू आलं. “नसणारच! मी मुकुल सरांच्या लॉगिनवर काम करून राहिले ना. अख्ख्या नांदेड ऑफिसला माहीत आहे ते. सर दुपारी येऊन राहिलेत, त्यांनाच विचारा.”

दिपाली हसली नाही. लातूरच्या हेड ऑफिसातून ती सकाळीच आली होती आणि नांदेडचं काम तिला संध्याकाळच्या आत उरकायचं होतं.

तेल आणि डाळीची ही कंपनी मोठी. लातूर, नांदेड, उदगीरला मिली, गावोगाव खरेदी केंद्रं. मालाची आवक, वजन, बिलं, सगळं एकाच सॉफ्टवेअरवर चालायचं आणि ते वापरायला प्रत्येकाला आपापल्या नावाचं लायसन लागायचं. लायसन म्हणजे एसटीतली रिझर्व्ह सीट. पैसे भरले तेवढ्याच सीटा, आणि एका सीटवर एकच माणूस. नांदेड विभागात या सीटा वाटायचं काम महामाया गजभारेचं. नवा माणूस आला की लायसन द्यायचं, कुणी सोडून गेला की काढून घ्यायचं, आणि मधल्या काळात कुणी नुसतं अडवून बसलंय का यावर डोळा ठेवायचा.

आता जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांनी भाव वाढवले म्हणून कंपनीने नवं घेतलं होतं. जुनं आज संध्याकाळी बंद, नवं उद्या सकाळी चालू. नव्याची लायसनं मोजकी, तेव्हा नियम निघाला: गेल्या तीन महिन्यांत ज्याच्या नावावर काम दिसत नाही, त्याला नव्यात जागा नाही. आणि ज्याला नव्यात जागा नाही त्याचं ऑफिसात टेबल नाही, त्याने खरेदी केंद्रावर जायचं. या नियमाची मेल मुकुलच्या नावाने गेली असली तरी लिहिली महामायेनेच होती. गोदामातला भुजंग रडकुंडीला येऊन तिला म्हणाला होता, “ताई, चार महिने आजारी होतो, जरा बघा की काही.” तिने त्याला सांगितलं होतं, “नियम सगळ्यांना सारखा, भुजंगभाऊ.” वाढणाऱ्याने पंगतीला शिस्त लावावी आणि स्वतःचं ताट मांडायला विसरावं, तशातली गत झाली होती.

तरी तिला भीती वाटली नव्हती. भीती परक्यांची वाटते, आणि मुकुल काही परका नव्हता.

दोघं एकाच आठवड्यात कंपनीला लागले होते. ती एम.कॉम., तो बी.कॉम. पुढे तो विभागप्रमुख झाला, ती होती तिथेच राहिली. त्याचं तिला वाईट वाटलं नाही असं नाही, पण तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. चारचौघांत ती त्याला ‘सर’ म्हणायची, एरवी ‘मुकुलभाऊ’. तो तिला ‘ताई’ म्हणायचा आणि हक्काने अगंतुगं करायचा. डबा दोघं एकत्र खायचे. त्याच्या बायकोने, मालविकेने केलेली धपाटी निम्मी महामायेच्या वाट्याला यायची.

मग मुकुलच्या वडिलांचं, वसंतरावांचं हृदयाचं ऑपरेशन निघालं. त्यांना घेऊन मुकुल हैदराबादला गेला आणि तिथून त्याने फोन केला. “ताई, माझा पासवर्ड लिहून घे. माझी खुर्ची तेवढी सांभाळ.” तिने ती सांभाळली. स्वतःचं काम करून त्याचं काम केलं, रोज संध्याकाळी वसंतरावांची खुशाली विचारली. तो परत आला त्याच सुमारास हेड ऑफिसने लायसनं कमी केली आणि माल पाठवणाऱ्या विभागाला एक कमी पडलं. मुकुल म्हणाला, “तुझं त्यांना देऊन टाक ना. तू बस माझ्याच लॉगिनवर. मला कुठं वेळ आहे त्यात बोटं घालायला?”

“कुठं लिहून ठेवायचं का हे?” तिने विचारलं होतं.

“घरच्या माणसांत कसली लिखापढी गं? जबान दिली ना.”

तिने लायसन देऊन टाकलं. घरी आईला सांगितलं तेव्हा पारूबाई भाकरी थापता थापता थांबली. “रोजगार हमीवर म्या दिसभर खडी फोडायची, आन् मस्टरवर नाव नसलं की दिस पाण्यात. आपलं नाव आपल्या हातानं खोडू न्हाई, बाई.”

“मुकुल तसा न्हाई गं आई.”

“मुकादमबी तसा नव्हताच,” पारूबाई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

तेव्हापासून काम महामायेचं आणि नाव मुकुलचं. तो व्यापाऱ्यांबरोबर चहा घ्यायचा, लातूरला मीटिंगांना जायचा, आणि कंप्युटरच्या हिशेबी मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान मोडून राबत असायचा. सगळ्या विभागांत सर्वांत जास्त काम करणारा माणूस म्हणून एकदा हेड ऑफिसने त्याला शाल दिली. ती शाल त्याने परतल्यावर महामायेच्या खांद्यावर टाकली. सगळे हसले, तीही हसली. मग घडी घालून तो ती घरी घेऊन गेला.

दुपारी ती डबा उघडत होती तोच मालविकेचा फोन आला.

“ताई, पेढे खायला कधी येताय? यांनी सांगितलंच असेल ना? नव्या सॉफ्टवेअरचं सगळं काम यांच्याकडंच आलंय. पुढच्या महिन्यात आम्ही लातूरला. म्हणे, जुन्यावर सगळ्यात जास्त हात यांचाच बसलेला आहे!”

महामायेला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. पण मालविकेच्या आवाजात आनंद इतका होता की ती म्हणाली, “लई छान झालं वहिनी. येते ना, येते.” फोन ठेवल्यावरही तिने स्वतःची समजूत घातली. गडबडीत राहिलं असेल सांगायचं. आणि बरंच झालं की, एवढ्या मोठ्या जागेवरचा माणूस एक शब्द बोलला तर लातूरवाले लगेच ऐकतील. माणसाला विश्वास ठेवायची सवय लागली की ती तंबाखूसारखी सुटत नाही.

मुकुल तीनच्या सुमाराला आला. नवा शर्ट, ताजी दाढी. मीटिंगच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला दिपाली, दुसऱ्या बाजूला तो, आणि महामाया दोघांच्या मधल्या खुर्चीत. दिपालीने सरळच विचारलं, “सर, या म्हणतात की तुमच्या लॉगिनवर ह्याच काम करायच्या. खरं आहे का?”

“मदत करायच्या अधूनमधून,” मुकुल म्हणाला.

‘मदत’ हा शब्द महामायेला आधी कळलाच नाही.

“पासवर्ड तुम्ही दिला होता का त्यांना? करारात एक नाव, एक माणूस असं आहे. वाटून वापरलं हे निघालं तर कंपनीला दंड बसतो, आणि ज्याने दिला त्याची चौकशी लागते. म्हणून विचारते.”

मुकुलने पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, झाकण नीट फिरवून लावलं. “मी कशाला देईन? माझ्या टेबलाशी येणं-जाणं असायचं यांचं. कधी बघून ठेवला असेल.”

बघून ठेवला असेल! म्हणजे चोरला. केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? ज्या बाईने याच्या बापाच्या आजारपणात याची खुर्ची पडू दिली नाही, तिच्यावर हा माणूस बाटलीचं झाकण लावता लावता चोरीचा आळ घेऊन मोकळा झाला.

“मुकुलभाऊ,” महामाया म्हणाली. चारचौघांत तिने त्याला असं कधी हाकारलं नव्हतं. “माझ्याकडं बघून बोला.”

त्याने बघितलं नाही. “तुम्ही उगाच जुनं उकरून काढू नका, ताई.”

तुम्ही. इतक्या वर्षांत तो तिला पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हणाला. चोरीच्या आळापेक्षा तो मान तिला जास्त लागला. घशाशी आलेलं सगळं, हैदराबादचे फोन, ती जबान, ती शाल, तिने गिळून टाकलं. ऐकणारा समोर असेल तर बोलावं.

दिपालीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मूर्ख नव्हती ती पोरगी. तिला सगळं कळलं होतं, आणि आपल्याला कळलं हे कागदावर आलं तर काय होईल तेही कळलं होतं. ती खाली बघून टाइप करत म्हणाली, “चोरीबिरीचं मी काही लिहीत नाही, ताई. फक्त वापर नाही एवढंच. तुम्हाला इस्लापूरचं केंद्र येतंय. सोमवारपासून.”

इस्लापूर. सोयाबीनच्या वजनकाट्यापाशी पत्र्याची शेड. नांदेडहून रोज जाऊन येणं होणार नव्हतं. इथे घरात म्हातारी आई आणि बारावीतली मुलगी.

“सर, आता तुमचं खातं तेवढं हलवू या,” दिपालीने लॅपटॉप मुकुलपुढे सरकवला. “विभागातल्या सगळ्यांची लायसनं तुमच्याच खात्यातून वाटलेली आहेत. ते नव्यात गेलं की बाकीची आपोआप जातात. पासवर्ड टाका.”

मुकुलने टाकला. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. तो ओशाळवाणं हसला, बोटं झटकली, पुन्हा टाकला. पुन्हा लाल अक्षरं.

“सावकाश, सर. आता एकच संधी उरलीय. चुकला तर खातं बंद पडेल, आणि जुन्या कंपनीशी आपला करार आजच संपतोय, ते परत उघडून द्यायला कुणी नाही. उद्या नांदेडचं कुणीच काम करू शकणार नाही.”

पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा लागायचा. सुरुवातीला महामाया तो बदलून मुकुलला सांगायची. पुढे त्याने विचारायचं सोडलं, मग तिनेही सांगायचं सोडलं. मुकुलची बोटं कळफलकावर नुसतीच अधांतरी राहिली. आणि मग, आल्यापासून पहिल्यांदा, त्याने महामायेकडे बघितलं.

खिडकीखाली गेटपाशी सोयाबीनचे ट्रक लागले होते. उद्या सकाळी त्यांची वजनं व्हायची होती, बिलं निघायची होती. काट्यावरची, गोदामातली, बिलांच्या टेबलावरची माणसं उद्या येऊन कंप्युटर चालू करणार होती. त्या एकेकाला लायसन तिने आपल्या हाताने दिलं होतं. तिने एक शब्द बोलायची गरज नव्हती. नुसती गप्प बसली असती तरी मुकुलचं लातूर तिथल्या तिथे बुडालं असतं. त्याच्याबरोबर ती सगळी माणसंही बुडाली असती.

“लिहा,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “एम. ए. एच. ए.”

मुकुलने तेवढं दाबलं आणि त्याचा हात थबकला. दिपालीने मान वर केली.

“थांबले कशाला? लिहा. एम. ए. वाय. ए. पुढे एक.”

मुकुलच्या एका बोटाने, एकेक अक्षर करत, महामायेचं नाव पुरं झालं. स्क्रीनवर नुसते काळे ठिपके उमटत गेले. मग ते पुसले गेले आणि वर हिरवी अक्षरं आली: स्वागत आहे, मुकुल.