उजव्या पिळाचा उजेड

लालबागच्या त्या बिल्डिंगमध्ये डॉक्टर दोन होते, पण दोघेही दातांचे. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या प्राची तोरसकरला पीएचडी मिळाल्याचं कळलं, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी हितेंद्र मांजरेकर यांनी आधी विचारलं, "कशाची डॉक्टर?" प्रकाशाची, हे ऐकून त्यांनी लगोलग सत्कार ठरवला.

शाल, श्रीफळ आणि बोलायला पाच मिनिटं मिळाली. प्राचीने जमेल तितकं सोपं केलं. लेझरचा झोत एका खास काचेतून नेला की त्याला दोरीसारखा पीळ पडतो. भिंतीवर तो कड्यासारखा दिसतो, मध्ये काळोख, भोवती उजेड. उजेडाचा एकच कण घेतला तरी त्यातही हा पीळ असतो. आणि मोजून पाहीपर्यंत तो कण उजव्या आणि डाव्या, दोन्ही पिळांत एकदम असू शकतो.

"दोन्हीत? मग शुभ कुठला?" मांजरेकरांनी माइक स्वतःकडे ओढला.

"तसं काही नसतं काका. दोन्ही अगदी सारखे. उजव्या पिळाचा झोत आरशावरून परतला की डाव्या पिळाचा होतो, एवढाच फरक."

टाळ्या झाल्या, वडे संपले.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मांजरेकरांचा मेसेज होता: 'आपल्या डॉ. प्राचीताईंचे संशोधन. आरशामुळे घरातला उजेड उलटा होतो. देव्हाऱ्यासमोरचे आरसे काढावेत.' दुपारपर्यंत लिफ्टमधल्या आरशावर वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. प्राची तडक मांजरेकरांकडे गेली.

"काका, घरातल्या दिव्याच्या उजेडाला पीळ नसतोच. तो मुद्दाम घालावा लागतो."

"म्हणजे आपला उजेड बिनपिळाचा?" मांजरेकरांचा चेहरा पडला. "हे नको सांगू कुणाला. लोकांना वाईट वाटेल."

तिने स्वतःच ग्रुपवर सविस्तर खुलासा टाकला. त्याखाली बत्तीस जणांनी हात जोडले. वाचला कुणीच नव्हता.

खरी पंचाईत झाली तळमजल्यावरच्या सीमाची. तिच्या ब्यूटी पार्लरच्या चारही भिंतींना आरसे. आठवडाभरात गिऱ्हाइकं तुटली, अन् ती प्राचीसमोर येऊन उभी राहिली.

"तुझ्या शोधाने माझा धंदा बसवला," ती शांतपणे म्हणाली. प्राची समजावू लागली, तर तिने हाताने थांबवलं. "मला शास्त्र नको. एक सांग. आरसे दोन असले तर?"

प्राची घुटमळली. पण उत्तर खरं होतं. "दुसऱ्या आरशावरून परतला की पीळ पुन्हा पहिल्यासारखा."

"बास."

दुसऱ्या दिवशी पार्लरवर फलक लागला: 'येथे उलटा झालेला उजेड समोरासमोरच्या आरशांतून सुलट करून मिळतो.' गर्दी अशी लोटली, की थ्रेडिंगलाही नंबर लावावे लागले. मांजरेकरांनी तातडीची सभा बोलावून लिफ्टमधलं वर्तमानपत्र काढून समोर दुसरा आरसा बसवण्याचा ठराव मंजूर केला. आता मांजरेकर लिफ्टमध्ये शिरले की समोर मांजरेकरांची रांगच्या रांग दिसे. प्राचीच्या आईनेही कपाटाच्या आरशासमोर आणखी एक आरसा टांगला.

"आई, तू तरी!"

"तुझा खरा असात गो," आई म्हणाली. "पण दोन आरशांनी आपला काय जाता?"

यावर पीएचडीत काही शिकवलेलं नव्हतं.

सीमाने प्रभादेवीला दुसरी शाखा काढली, तेव्हा फीत कापायला प्राचीच हवी असा हट्ट धरला. आधी सीमाचा धंदा बसल्याचं ओझं प्राचीच्या मनावर होतंच. ती गेली, फीत कापली आणि सीमाच्या आग्रहाने दोन आरशांच्या मध्ये उभी राहिली. फोटो सगळीकडे फिरला आणि ती काम करत होती त्या संशोधन संस्थेतही पोचला.

तिच्या गाइड सुचित्रा मॅडमनी बोलावून घेतलं. प्राची राजीनाम्याच्या तयारीने गेली.

"हा फोटो मोठ्या साइजमध्ये आहे का?" मॅडमनी विचारलं. "वार्षिक अहवालात 'विज्ञान समाजापर्यंत' हे पान दरवर्षी कोरं जातं. डायरेक्टर फार मागे लागलेत."

"मॅडम, फोटोतल्या फलकावर काय लिहिलंय, वाचलंत?"

"आरशाने पीळ उलटतो, दोन आरशांनी सुलटतो. चूक आहे?"

"तेवढं चूक नाही. पण पार्लरमधल्या उजेडाला पीळ..."

"फोटोत पीळ कुणाला दिसणार? फोटोखालची ओळ तू लिही."

प्राची जागेवर परतली. 'लालबाग व प्रभादेवी परिसरात प्रकाशाच्या सममितीविषयी जनजागृती,' तिने टाइप केलं आणि पुन्हा वाचलं. एकही शब्द खोटा सापडेना. तिला मनापासून वाईट वाटलं, आणि तिने ती ओळ पाठवून दिली.