माझा ब्रेक सुटलेला नव्हता

शनिवार, पंधरा नोव्हेंबर. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बीव्हर या प्राण्याने ओढ्यावर घातलेल्या बांधाजवळच्या वाटेवर एक गोळी सुटली आणि ओन्नी केस्किटालोच्या उजव्या गुडघ्याखालून आरपार गेली. ओन्नी बहात्तर वर्षांचा आहे. बंदूक त्याच्या जावयाची, ड्वेनची होती. सोमवारी गावच्या वर्तमानपत्रात मथळा आला : ‘गाडीचा ब्रेक निकामी, शिकारी जखमी’.

ती गाडी म्हणजे मी.

मित्रांनो, मी एकोणीस वर्षांची जुनी एटीव्ही आहे. चार फुगीर चाके, मोटारसायकलसारखे हँडल, पुढे आणि मागे सामान बांधायच्या लोखंडी जाळ्या. चिखलातून आणि बर्फातून जाण्यासाठी मला बनवले. सध्या मी शिकार खात्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. हँडलला पिवळी चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर नंबर आहे. जुन्या यंत्राने आठवणी सांगाव्यात, कुरकूर करू नये, अशी लोकांची अपेक्षा असते. आठवणी मी सांगेन. पण आधी हे लिहून घ्या : माझा ब्रेक सुटलेला नव्हता. त्याच्या पट्ट्या ओन्नीने ऑगस्टमध्येच स्वतःच्या हाताने बदलल्या होत्या.

ओन्नीने मला घेतले तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता. त्या वर्षी त्याचा चुलतभाऊ आर्वो मारलेले हरीण दोरीने ओढत आणताना बर्फात बसला तो उठेना. डॉक्टरांनी आर्वोला ओढकाम बंद करायला सांगितले आणि मी त्यांच्या जंगलातल्या शिकारीच्या कॅम्पवर आले. ओन्नीने माझे नाव हिल्मा ठेवले. त्याच्या मावशीचे नाव. थंडीत उठायला तीही अशीच कुरकुरायची, असे तो म्हणे.

त्या माणसाने माझ्यावर बसून कधी शिकार केली नाही. जुन्या लार्चच्या झाडाखाली तो मला उभी करी, इंजिन बंद करी आणि पुढचा अर्धा मैल पायी जाई. हरीण पडले की मगच मला न्यायला परत येई. मी हरणे वाहिली, सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, लाकडे वाहिली, छपराचे पत्रे वाहिले. दर डिसेंबरात तो माझी चाके कोमट पाण्याने धुई आणि टाकीवर जुने घोंगडे घाली.

वर्षातून एकदा तो मला गावच्या अग्निशमन केंद्रात नेई. तिथे तो मुलांना बंदुकीची सुरक्षा शिकवायचा. बरोबर तुमच्याएवढी मुले. एकतीस वर्षे शिकवले त्याने. गावातल्या निम्म्या लोकांच्या परवान्यामागे त्याची सही आहे. माझ्याशेजारी उभा राहून तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून घेई. गाडीवर चढण्याआधी बंदुकीचा खटका, म्हणजे गोळ्यांचा कप्पा उघडणारी दांडी, मागे ओढायचा. गोळ्या काढून डाव्या खिशात टाकायच्या. आत करंगळी घालून बघायचे. मग मोठ्याने म्हणायचे, “रिकामी.” बरोबरच्या माणसाने आपली करंगळी घालायची आणि म्हणायचे, “पाहिली.” मग बंदूक खोळीत. मगच गाडी सुरू.

“गुरुजी, एकाने बघितलं की झालं ना?” एका मुलाने एकदा विचारले होते.

“पहिला माणूस दमलेला असतो,” ओन्नी म्हणाला. “घाईत असतो, किंवा खोटारडा असतो. दुसरा त्याच्यासाठीच असतो.”

ते शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. कान नसले तरी. म्हणूनच मला त्याचाही राग आहे.

गेली सहा वर्षे मला ड्वेन चालवतो. ओन्नीच्या मुलीचा, मार्लिसचा नवरा. वाईट माणूस नाही. दुपारी पाव आणि सॉसेज खाताना अर्धे कुत्र्याला देतो. पण त्याने मला कधी धुतले नाही. माझ्या टाकीवर ‘एकाच माणसासाठी’ अशी चिठ्ठी होती. ती त्याच्या गुडघ्याने घासून गेली आणि मग मागच्या जाळीवर उशी टाकून तो सासऱ्याला बसवू लागला. लार्चपाशी थांबणेही बंद झाले. आता मी थेट मचाणाखाली जाऊन घरघरत उभी राहते आणि मग हे दोघे हरणे का दिसत नाहीत यावर चर्चा करतात.

कॅम्पवर एक रिवाज आहे. नेम चुकला की शर्टाचे मागचे शेपूट कात्रीने कापायचे, त्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि चुलीवरच्या भिंतीला खिळ्याने ठोकायचे. भिंतीवर सगळ्यांची फडकी आहेत, ओन्नीचीही दोन आहेत. पण ड्वेनची तीन ओळीने आहेत, तीन वर्षांची. शनिवारी सकाळी आठ वाजता त्याने चौथा नेम चुकवला.

दुपारी जेवायला परत आलो तेव्हा आर्वो दारातच कात्री घेऊन उभा होता.

“या जावईबापू. यंदा कापड बरं आणलंय. मार्लिसला म्हणावं, पुढच्या वर्षीपासून पडदेच शिवून पाठव.”

“संध्याकाळपर्यंत थांब ना जरा,” ड्वेन म्हणाला. “अजून उजेड आहे.”

“उजेड सकाळीही होता.”

ओन्नी हसला. ड्वेनही हसला, पण माझी किल्ली फिरवताना त्याने ती मोडेल इतकी दाबली.

आता नीट ऐका. मी वेळ सांगते आहे. तीन वाजून पन्नास मिनिटे. मचाणावरून दोघे खाली उतरले. काही दिसले नव्हते. सूर्य झाडांमागे गेला होता. ड्वेनला वाटले असणार की परतीच्या वाटेवर, शेवटच्या उजेडात, एखादा नर आडवा येईल. मग खोळ उघडायची, गोळ्या भरायच्या, तोवर तो थोडाच थांबणार. त्याने खटक्याला हात लावला नाही. बंदूक भरलेली होती. तशीच त्याने ती माझ्या पुढच्या जाळीवर आडवी, नळी डावीकडे करून, रबरी पट्ट्याने बांधली. खोळ खाली घडी करून ठेवली.

“रिकामी,” तो म्हणाला.

ओन्नी थर्मासचे झाकण लावत होता. हातमोजे घातलेले होते. गेली दोन वर्षे त्याची बोटे थंडीत बधिर होतात आणि मोजे काढायचा त्याला कंटाळा येतो. त्याने मान वर केली नाही.

“पाहिली,” तो म्हणाला.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. माझ्याकडे हॉर्नसुद्धा नाही.

बीव्हरने ओढा अडवल्यापासून तिथे वाटेवर पाणी असते. ओन्नी उतरला आणि काठीने तळ चाचपत माझ्या डाव्या बाजूने पुढे चालू लागला. माझे डावे चाक खड्ड्यात गेले, मी झुकले, नळीही खाली झुकली. अल्डरच्या झुडपाची एक फांदी जाळीत शिरली आणि चापात अडकली. ड्वेनने वेग दिला. पुढचे सुरुवातीलाच सांगितले आहे.

मी उलटले नाही, घसरले नाही. ड्वेनने ब्रेक दाबला आणि मी जागच्या जागी थांबले.

“पट्टा काढ कमरेचा,” पाण्यात पडलेला ओन्नी म्हणाला. “गुडघ्याच्या वर बांध. आणखी ओढ. मी ओरडलो तरी ओढ.”

त्याला मागच्या जाळीवर आडवा घालून मी सव्वादोन मैल आणले, चौदा मिनिटांत. एकदाही बंद पडले नाही. त्याचे रक्त माझ्या सायलेन्सरवर पडून जळत होते. तो वास अजून गेलेला नाही. खडीच्या रस्त्याला फोन लागला, रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या माणसाने विचारले, “झालं कसं?” ड्वेनने माझ्याकडे पाहिले.

“हरीण दिसलं म्हणून थांबलो,” तो म्हणाला. “खाली उतरलो, बंदूक काढली, भरली. उतारावर हिचा ब्रेक सुटला. मागून धडकली मला आणि गोळी सुटली.”

एकोणीस वर्षे, मित्रांनो.

मंगळवारी शेडमध्ये अधिकारी कोलेट बोद्रीने मला लाकडी उतरणीवर चढवले, ब्रेक लावला आणि दोन तास तशीच ठेवली. मी बोटभरही हलले नाही. तीन वाजता मार्लिस बापाचा थर्मास न्यायला आली. उतरणीवर मला बघून ती थांबली.

“सुटत नाहीये ना?” तिने विचारले.

“नाही.”

“ओल्या चिखलात सुटला असेल.”

“असेल,” बोद्री म्हणाली. “मार्लिस, माझा परवाना तुझ्या बाबांच्या सहीचा आहे. बारा वर्षांची होते मी. याच गाडीशेजारी उभी राहून करंगळी घातलीय. मला ब्रेकचं काही विचारायचंच नाही. बंदूक मचाणापासून रिकामी आली असेल, तर ड्वेन म्हणतो ते होऊ शकतं. ती त्यांनी रिकामी पाहिली होती का, एवढंच विचारायचंय.”

“बाबांनी ‘पाहिली’ म्हटलं, असं ड्वेन सांगतो.”

“म्हटलं असेलच. पाहिली का?”

मार्लिसने थर्मास हलवून बघितला. आत थोडी कॉफी होती.

“पाहिली म्हणाले तर माझा नवरा सुटतो,” ती म्हणाली. “नाही म्हणाले तर एकतीस वर्षं काय शिकवत होते, असं सगळं गाव विचारेल. आणि पाय शुक्रवारी ठेवतात की काढतात ते डॉक्टर ठरवणार. तू आणखी कुठला प्रश्न विचार ना, कोलेट.”

“माझ्याकडे एवढाच आहे.”

आता माझे सांगणे. मला पुसा, तेल घाला, हिवाळ्यात घोंगडे घाला, हे सगळे म्हाताऱ्या यंत्रांनी सांगून झाले आहे. मला घोंगडे नको. तुमच्यापुढे कोणी बंदूक, दिवा, शेगडी, काहीही बंद आहे म्हणून सांगेल आणि तुम्ही ‘पाहिले’ म्हणाल, तेव्हा मोजा काढा आणि बघा. सवयीने म्हणू नका. आणि चुकलात तर मुक्या वस्तूकडे बोट दाखवू नका. ती नाही म्हणू शकत नाही, हे तुम्हाला माहीत असते. म्हणूनच तर तुम्ही तिच्याकडे बोट दाखवता.

बुधवारी सकाळी नऊला बोद्री जबाबाचा कागद घेऊन इस्पितळात गेली. पावणेबाराला परतली. ड्रॉवरची किल्ली शोधताना तिने कागद माझ्या सीटवर ठेवला. वर ओन्नीच्या अक्षरात नाव, वय आणि ‘शिकवण्याची वर्षे : एकतीस’ एवढे लिहिले आहे. त्याखाली ‘बंदूक रिकामी असल्याचे स्वतः पाहिले का?’ हा छापलेला प्रश्न आहे आणि पुढे ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन. दोन्ही कोरे. सही नाही.

साडेपाचला मार्लिसचा फोन आला. बोद्रीचे हात तेलाचे होते म्हणून तिने तो मोठ्या आवाजावर लावला.

“बाबा म्हणतात, आधी ड्वेनशी बोलायचंय. त्याच्यासमोरच सही करणार. काय करणार ते सांगत नाहीत.”

“मग बोलव ना त्याला.”

“दोन वाजता निघाला घरून. चाळीस मिनिटांचा रस्ता आहे, कोलेट. तो अजून आला नाही.”