झोपतील हो, पण बसतील कुठे?

ठकीच्या आईच्या सहा मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरं, बघून झाल्या होत्या आणि सहाही ठिकाणी तिचं घोडं एकाच जागी अडलं होतं. विकणारा माणूस कौतुकाने दार उघडायचा, शेगडी दाखवायचा, भिंतीतून खाली येणारा पलंग दाखवायचा आणि छाती फुगवून म्हणायचा, "सहा जण आरामात झोपतात बघा यात!"

"झोपतील हो," ती म्हणायची, "पण गाडी चालू असताना बसतील कुठे?"

मग त्या माणसाचा चेहरा पडायचा. कुठे बाकडं आडवं असायचं, म्हणजे मुलांची तोंडं खिडकीकडे. कुठे पट्टा फक्त कमरेपुरता. एकाने तर बिनदिक्कत सांगितलं, "मांडीवर घ्या की, आमची नाही का वाढली?" तिसऱ्या गाडीपासून ती मुलांच्या दोन्ही कार सीट सोबतच न्यायला लागली. दोन बगलांत दोन सीट घेऊन ती फाटकातून आत शिरली, की ही बाई गाडी घ्यायला आली आहे की सीट विकायला, असं समोरच्याला वाटायचं.

हा खटाटोप कशासाठी, तर ठकीच्या बाबाचं काम पूल तपासायचं. आज या नदीवर, चार महिन्यांनी त्या खाडीवर. मागच्या वेळी तो घरी परतला तेव्हा ठकीचा वर्षाचा भाऊ गोटू त्याच्या कडेवर जाईना. परक्याकडे बघावं तसं बघून त्याने भोकाड पसरलं. बाबा हसला, म्हणाला, "होईल सवय," आणि हातपाय धुवायला गेला. न्हाणीघरातला नळ बराच वेळ नुसता वाहत राहिला. त्याच आठवड्यात तिने ठरवलं, आता जायचं ते सगळ्यांनी. ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, तिला काय, एक टेबल आणि उजेड असला की झालं. ठकी चार वर्षांची, शाळेला अजून अवकाश होता.

सातवी गाडी एका बेकरीवाल्या बाईंची होती. तीस वर्षं बेकरी चालवून त्यांनी ती नुकतीच बंद केली होती. यजमान सुतार. गाडीचं आतलं सगळं काम त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून गाडी अंगणात उभी होती.

आत पाऊल टाकलं आणि ठकीची आई एकेका वस्तूवरून हात फिरवत पुढे सरकली. वळणावर उघडू नयेत म्हणून खणांना लाकडी खिट्ट्या. पलंगावर चढायला लहान पावलांच्या मापाची शिडी. खिडकीपाशी उघडमीट होणारं टेबल, त्याच्या कडेला पेन्सिली घरंगळू नयेत म्हणून बोटभर उंचीची पट्टी. आणि मागे दोन जागा, तोंड समोर, खांद्यावरून येणारे पट्टे! तिने सीट ठेवल्या, पट्टे ओवले, खटकन लागले. ठकी चढून बसलीसुद्धा.

"हीच," बाबा तिच्या कानाशी म्हणाला. "आता शोधाशोध पुरे."

बाईंनी अंगणात चहा दिला. बाबा गाडी किती चालली, टायर कधी बदलले, असं विचारत होता. बाई उत्तरं देत होत्या, पण त्यांची नजर सारखी गाडीच्या मागच्या खिडकीकडे जात होती. तिथून ठकी हात हलवत होती. अर्धा तास असाच गेला. बाबाने "मग पक्कं करू या ना, मावशी?" असं विचारलं, तेव्हा बाईंनी कप खाली ठेवला.

"जरा आत या," त्या म्हणाल्या.

त्यांनी ठकीला उतरवलं, गादी उचलून बाजूला ठेवली आणि स्क्रूड्रायव्हरने खालची फळी काढली. ठकीची आई गुडघ्यांवर बसून वाकली. पट्ट्यांचे बोल्ट प्लायवूडमध्ये बसवले होते. सुबक, एका रांगेत, पण फक्त प्लायवूडमध्ये. खाली गाडीच्या सांगाड्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

"यांनी मनापासून केलं हो," बाई म्हणाल्या. "नातवंडं इथे बसून खेळायची, म्हणून लावले पट्टे. पण सुताराचा लाकडावर फार भरवसा. विकायच्या आधी मी गाडी एका मिस्त्रींना दाखवली. ते म्हणाले, जोरात धडक बसली तर बाकडं, पट्टा, पोर, सगळं एकदम पुढे येईल."

"मग खाली लोखंड जोडून घेऊ," बाबा म्हणाला.

"तेही विचारलं मी. खाली पाण्याची टाकी आहे, जोडायला जागाच नाही." त्यांनी फळी बाजूला टेकवली. "तुम्ही सीट बसवत होतात ना, तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभच उचलेना. त्यांची गाडी इतकी आवडलेलं पहिलं माणूस तुम्ही."

ठकीच्या आईला आधी राग आला. अर्ध्या तासात तिने मनातल्या मनात त्या टेबलावर चार पुस्तकं रंगवून संपवली होती. मग तिने बाईंकडे पाहिलं. स्क्रूड्रायव्हर अजून त्यांच्या मुठीतच होता. या बाईंनी गादी उचलली नसती तर आपल्याला कधी कळलं असतं? ती गुडघे झटकत उठली आणि एवढंच म्हणाली, "मावशी, चहा अजून मिळेल का?"

निघताना बाईंनी त्या मिस्त्रींचा नंबर लिहून दिला.

मिस्त्री म्हणजे शब्द तोलून मापून वापरणारा माणूस. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, "गाडीखाली झोपून बघितलंत?"

"नाही."

"मग काय बघितलंत?"

त्या दिवसापासून ठकीची आई एक जुनी चादर घेऊन फिरायला लागली. मिस्त्रींनी तिला शिकवलं, आधी कागद मागायचे. प्रवासात बसायला परवानगी असलेल्या जागा किती, ते त्यात असतं. पलंग मोजू नका. मग बाकड्याचे लोखंडी पाय कुठवर जातात ते खालून बघायचं आणि फोटो पाठवायचा. ती फोटो पाठवायची, उत्तर यायचं, "नको." पुन्हा फोटो, पुन्हा "नको." एकदा "नकोच" आलं, तेव्हा बाबा म्हणाला, "आज फार बोलले."

अकरावी गाडी तपकिरी होती, रंग उडालेली, आत ओल्या कुत्र्याचा वास. पडदे बघून ठकीने नाक मुरडलं. पण आई चादर अंथरून खाली सरकली आणि तिथेच थांबली. बाकड्याची जाड लोखंडी चौकट थेट सांगाड्यापर्यंत गेली होती, कारखान्यातच बसवलेली. कागदावर प्रवासाच्या जागा चार. फोटो गेला. बराच वेळ काहीच नाही. मग मिस्त्रींचा फोनच आला.

"हलू नका तिथून. मी येतो."

ते आले, खाली शिरले, वर आले, सीट बसवून दोन्ही हातांनी हिसडे दिले. मोठी सीट चार बोटं जास्त रुंद निघाली, शेजारची नीट बसेना. "गाडी बरोबर आहे. सीट अरुंद आणा," ते म्हणाले आणि हात पुसून निघालेसुद्धा. मेहनताना विचारला तर म्हणाले, "बेकरीवाल्या बाईंनी सांगून ठेवलंय, त्या पोरांचं नीट बघा म्हणून."

वास जायला तीन आठवडे आणि सोड्याची पाच पाकिटं लागली.

पहिल्याच प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, एका साध्या सरळ रस्त्यावर, बाजूच्या गल्लीतून एक ट्रक न बघताच बाहेर आला. बाबाने ब्रेकवर अख्खा उभा राहावा तसा पाय दाबला. भांडी आपटली, एक कपाट उघडलं, तांदळाचा डबा गाडीभर सांडला. ट्रक निघून गेला. ठकीच्या आईने मागे वळून पाहिलं. ठकीचे डोळे वाटोळे झाले होते. गोटूच्या हातात बिस्कीट तसंच होतं आणि तो ते चावत होता. दोन्ही सीट जागच्या जागी होत्या, तसूभरही हललेल्या नव्हत्या.

गाडी कडेला घेतली. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. ती खाली उतरली, बाईंचा नंबर लावला आणि पलीकडून "हॅलो" आल्यावर एका दमात म्हणाली, "मावशी, मी ठकीची आई."

"कोण? अगं, तू होय! काय झालं? पोरं बरी आहेत ना?"

"बरी आहेत," ती म्हणाली. "म्हणूनच फोन केला, मावशी." आणि मग तिने ट्रक, ब्रेक, सीट, सगळं धडाधडा सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या की त्यांची गाडी गेल्या आठवड्यात विकली गेली. निवृत्त झालेले नवरा-बायको, दोघंच, पुढेच बसणार. फळीखालचं त्यांनाही आधीच दाखवलं.

"तुमचे आभार कसे मानू?" ठकीच्या आईने विचारलं.

"मानू नकोस. पोरीला दे फोन."

ठकीने फोन दोन्ही हातांनी धरला. "आजी, तांदूळ सांडले," तिने सुरुवात केली. "सगळीकडे. बाबाच्या बुटात पण." बाई काहीतरी विचारत होत्या आणि ठकी सविस्तर सांगत होती. तोवर आईने मागे चढून गोटूच्या तोंडाला लागलेलं बिस्कीट पुसलं, त्याच्या केसांवर ओठ टेकवले आणि झाडू शोधायला लागली.