आयपेरीला कुणी वाढवलं

माझ्याकडे इंग्रजीची पदवी नाही. नारिन या आमच्या डोंगरी शहराच्या बाजारात मोजे विकता विकता एका फाटक्या रशियन-इंग्रजी शब्दकोशावरून मी ती भाषा शिकले, आणि पदवीवाल्यांपेक्षा बरी शिकवते. राग यायचा त्याला येऊ दे.

माझ्या शिकवणीतली सायरागुल रविवारी सहा महिन्यांसाठी इंग्लंडला स्ट्रॉबेरी तोडायला निघणार होती. त्याआधीच्या गुरुवारी ती वही घेऊन माझ्याकडे आली. सोबत बुरुलचा नावाची तिची सासू आणि नऊ वर्षांची आयपेरी. आयपेरी सायरागुलच्याच पोटची. पण पहिलं मूल आजी-आजोबांना द्यायचं, ही आमची रीत. पोर आजीला आई म्हणते आणि आईला वहिनी. जाण्याआधी एकदा तरी तिला खरं कळावं म्हणून सायरागुल महिनाभर झुरत होती, पण सासूपुढं तोंड उघडत नव्हती. असली रीत मी चुलीत घालीन.

"'राइज' म्हणजे आपोआप वर येणं," मी सांगितलं. "सूर्य, धूर, नदीचं पाणी. 'रेज' आपोआप होत नाही. कुणीतरी उचलावं लागतं आणि काय उचललं तेही सांगावं लागतं. हात, भिंत. मूल वाढवायलाही हाच शब्द. कर वाक्य."

सायरागुलनं सुरुवातीची जागा मोकळी सोडली, 'रेज' लिहिलं, पुढं आयपेरीचं नाव लिहिलं आणि थांबली.

"काय गं, अडलं कुठं?" सासूनं विचारलं.

"पोरीला वाढवलं कुणी, तिथं अडलंय," मी तोंडावर सांगितलं.

"त्यात अडायचं काय? माझं नाव लिही. गोवर आला तेव्हा बारा दिवस मांडीवरून खाली ठेवली नव्हती मी हिला."

सायरागुलनं मुकाट्यानं लिहिलं. भांडायला उघडलेलं तोंड मी मिटलं. म्हातारी खोटं बोलत नव्हती.

बुरुलचा त्या अक्षरांकडे बघत राहिली. इंग्रजी वाचता कुठं येत होतं तिला! मग आयपेरीची वेणी सारखी करत म्हणाली, "पण तू जन्मलीस त्या दिवशी बर्फ किती होतं, ते वहिनीला विचार. त्या खोलीत मी नव्हते. ती होती. तिनंच जन्म दिलाय तुला."

"माहितेय," आयपेरी म्हणाली. "शाळेत सगळ्यांना माहितेय. पण दोघींना आई म्हटलं, तर ओ कुणी द्यायची?"

"बघा जीभ! ही नाही बाई मी वाढवली," बुरुलचा म्हणाली.

सायरागुल हसता हसता रडली. "मला आई नको म्हणूस गं. कळलं तुला, तेवढं पुरे."

पोरीनं जरा विचार केला. "घरात वहिनीच. फोनवर आई."

मंगळवारी इंग्लंडहून सायरागुलचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडे चहाला होते. आयपेरी फोन घेऊन आतल्या खोलीत पळाली, दार लोटून घेतलं. बुरुलचानं टीव्हीचा आवाज मोठा केला आणि माझ्या चहाच्या भरलेल्या वाटीत आणखी चहा ओतू लागली.