बाजारातून परत येणारी गोणी

आमच्या बुएआ गावात घराच्या कुठल्याही खिडकीतून डोंगर दिसतो. म्हणून पलंगाजवळची खिडकी मी फळी ठोकून बंद केली. बहिणीला, नामोंदोला, सांगितलं, वारा लागतो.

खरं कारण माझी मुलगी एनांगा. तिला डोंगरावर वाटाडी व्हायचं होतं. वाटाड्यांच्या मंडळाची अट अशी, की कधीही वर न गेलेला माणूस घेऊन पहाटे निघायचं, शिखर गाठायचं आणि अंधार पडायच्या आत त्याला धडधाकट खाली आणायचं. जमलं तर बिल्ला. नाही जमलं तर चहाच्या मळ्यात पानं खुडायची, जिथे तिची आई जन्मभर वाकून राहिली आणि शेवटी वाकलेलीच गेली.

दोन पाहुणे ठरले होते. वाटाडी मुलगी आहे म्हटल्यावर एकाला ताप आला, दुसऱ्याची मावशी वारली. त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "मी आहे की!" हे म्हणायचं म्हणून म्हणतात. एनांगाने ते खरं धरलं.

मी टपालखात्यातून निवृत्त झालेला माणूस. उभं राहून करायचं काम मी कधी केलं नाही. त्यात गेल्या वर्षीचे लिकोम्बे मास्तर माझ्या डोक्यातून जात नव्हते. काटक माणूस. झाडं संपतात आणि हवा विरळ होते तिथे त्यांना एकाएकी फार आनंद झाला म्हणे. हसायला लागले, "आलं माझं घर" म्हणाले आणि ताड ताड धुक्यात चालत गेले. नंतर फक्त त्यांची टोपी सापडली. तेव्हापासून मला हसू आलं, की मी आधी कारण तपासतो.

तयारी म्हणून एनांगाने मला नवे बूट घालून वरच्या शेतांपर्यंत रोज चालायला सांगितलं होतं. ती बघत असेल तेव्हा मी चालायचो. माझी खरी तयारी नामोंदोने हाती घेतली. "वर काय मिळणार आहे? आत्ताच खाऊन घे," म्हणायची. किसलेल्या अळकुड्यांचा, केळीच्या पानात उकडलेला क्वाकोको आणि धुरावलेल्या माशाचं लालभडक कालवण, दोन्ही वेळा, दुप्पट. भीतीने काहींची भूक मरते. आमच्या घराण्यात तसं नाही.

एनांगा मात्र रोज पाठीवर अळकुड्यांची गोणी घेऊन चढावर जायची. विचारलं तर "बाजारात" म्हणायची. संध्याकाळी तीच गोणी परत यायची. मंदी आहे, असं मी समजलो.

निघायच्या आदल्या दुपारी तिने मला रस्त्यावरच्या कोकोच्या वखारीत नेलं. "पप्पा, काट्यावर उभे राहा." माझं जायचं ठरलं तेव्हाही तिने मला असंच उभं केलं होतं. मला ती थट्टा वाटली होती. या वेळी काटा बघून तिचा चेहरा उतरला.

"काय केलंत हे?"

"तयारी."

"मी काय करत होते मग इतके दिवस? ती गोणी तुमच्या वजनाची होती! जुन्या वजनाची!"

घरी येऊन तिने पिशवीतून एक कापड काढलं. मी ओळखलं. तिची आई तिला याच कापडात पाठीशी बांधून मळ्यात न्यायची.

"वर चक्कर आली, डोकं फिरलं, तर तुम्हाला यातून उतरवणार होते."

"डोंगरावरचं काही खाली आणायचं नसतं म्हणतात," मी म्हटलं.

"तुम्ही डोंगराचे नाही. माझे आहात. चढा पाठीवर."

अंगणात तिने मला बांधलं. उठली. कुंपणापर्यंत गेली आणि तिचे गुडघे लटपटायला लागले. दोघंही मिरचीच्या वाफ्यात बसलो.

"अगं, मंडळ इथे अंगणात परीक्षा घेत नाही का?" नामोंदो दारातून म्हणाली.

"आत्या, तू गप्प बस. तूच चारलंस!"

"मी नुसतं वाढलं. गिळलं त्याने."

एनांगा हसली नाही. मातीकडे बघत म्हणाली, "नको जाऊया, पप्पा. मळ्यात जागा आहे अजून." मी इतके दिवस याच वाक्याची वाट बघत होतो. आता ते आलं, तर मला ते नको होतं.

"पहाटे उठव," मी म्हटलं.

पहाटे धुकं दाराला येऊन टेकलं होतं. पोट आडवं येत असल्यामुळे माझ्या बुटांची नाडी तीच बांधत होती. गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. रोज गोणी बांधणाऱ्या बोटांना एक गाठ जमेना. घरातली सगळी भीती माझीच आहे, असं मी धरून चाललो होतो.

तिच्या पिशवीतलं कापड काढून मी माझ्या पिशवीत कोंबलं.

"ते कशाला?"

"तुला उचलून आणायची वेळ आली तर."

"तुम्हाला कोंबडी उचलवत नाही, पप्पा."

"म्हणूनच सांगतो. दोघांनीही आपापल्या पायांनी यायचं. मला हसू यायला लागलं, की फिरव मागे. बिल्ला गेला खड्ड्यात."

तिने नाडीला घट्ट गाठ मारली. ती सुटली नाही.

"मोलुआ!" नामोंदो दारात येऊन माझ्या नावाने ओरडली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "टोपी घालून जाऊ नकोस रे!"

मी टोपी काढून तिच्या हातात दिली आणि एनांगाच्या मागोमाग धुक्यात शिरलो.